एक मेल, अनेक पत्ते : ‘टू’, ‘सीसी’ आणि ‘बीसीसी’ नीट कसे वापरायचे

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात मी कामाला लागले, त्या वर्षीची गोष्ट. दिवाळीच्या आधी नवे दरपत्रक सगळ्या डीलरना पाठवायचे होते. मी ४३ पत्ते ‘सीसी’च्या रकान्यात भरले, पीडीएफ जोडली, पाठवले आणि डबा खायला गेले. परत येऊन बघते तर एका डीलरचे उत्तर आलेले : ‘आपली ठरलेली ४ टक्के जादा सूट यात धरली आहे का?’ उत्तर देताना त्यांनी ‘रिप्लाय ऑल’ दाबले होते, त्यामुळे ते वाक्य उरलेल्या ४२ जणांनीही वाचले. संध्याकाळपर्यंत मालकांचा फोन थांबला नाही. प्रत्येकाला तीच सूट हवी होती, आणि आपल्याला इतकी वर्षे ती का मिळाली नाही याचा जाबही हवा होता.

चूक त्या डीलरची नव्हती. ४३ जणांना एकमेकांसमोर बसवले ते मी. पत्ता कोणत्या रकान्यात टाकते यावर कोणाला काय दिसेल हे ठरते, ही साधी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. पुढे हे काम मी बरीच वर्षे केले. आता जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीचा पत्रव्यवहारही माझ्याकडेच असतो. नव्याने ऑफिसात लागलेल्या मुलामुलींना, वडिलांच्या दुकानाचा कारभार हाती घेतलेल्यांना आणि सोसायटीचे सचिवपद नुकतेच गळ्यात पडलेल्यांना माझ्यासारखा दिवस बघावा लागू नये, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात करण्याआधी हाताशी काय हवे

- पत्त्यांची यादी, शक्यतो एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये : एका रकान्यात नाव, दुसऱ्यात ईमेल, तिसऱ्यात फोन
- जोडायची फाइल, शेवटची तपासलेली, नावात तारीख घातलेली
- कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप. मोबाइलवरूनही जमते, पण दहाच्या वर पत्ते असतील तर मोठ्या पडद्यावरच करा
- पाठवण्याआधी नजर टाकायला दुसरे माणूस, निदान पहिल्या दोन-तीन वेळा

१. तीन रकाने म्हणजे काय, ते आपल्या पत्रांवरून समजून घ्या

सरकारी पत्र डोळ्यांसमोर आणा. वर डाव्या बाजूला ‘प्रति,’ आणि त्याखाली ज्यांनी काम करायचे त्यांचे पद. पत्र संपल्यावर सहीच्या खाली ‘प्रत माहितीसाठी’ आणि त्यापुढे दोन-तीन नावे. ईमेलमधला ‘टू’ म्हणजे हे ‘प्रति’, आणि ‘सीसी’ म्हणजे ते ‘प्रत माहितीसाठी’. कोणाला प्रत गेली हे दोन्ही ठिकाणी पत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला दिसते.

‘सीसी’ म्हणजे कार्बन कॉपी. टाइपरायटरच्या दिवसांत दोन कागदांमध्ये कार्बन कागद घालून एका वेळी दोन-तीन प्रती काढत, त्यावरून हे नाव आले. एखादी प्रत कोणाला गुपचूप पाठवायची असेल तर टायपिस्ट मूळ कागद काढून घेई आणि ते नाव फक्त मागच्या प्रतीवर टाइप करी. ही न दिसणारी प्रत म्हणजे ‘बीसीसी’, ब्लाइंड कार्बन कॉपी. १९८२ साली ईमेलच्या मजकुराचे नियम ‘आरएफसी ८२२’ या दस्तऐवजात लिहिले गेले, त्यात हे तिन्ही रकाने आहेत. म्हणजे जीमेल असो, आउटलुक असो की याहू, अर्थ सगळीकडे एकच.

बीसीसीतले नाव लपते कसे, हेही जाणून घ्या, म्हणजे मनातली भीती जाईल. ऑफिसातून पत्र बाहेर जाताना जावक नोंदवहीत पत्ता लिहितात आणि पाकिटावरही लिहितात. आतल्या कागदावर प्रत्येक पत्ता असायलाच हवा असे काही नाही. ईमेलचेही असेच आहे. सर्व्हरला पत्ते वेगळे सांगितले जातात, ते पाकीट. वाचणाऱ्याला दिसतो तो आतला कागद, आणि बीसीसीची नावे त्या कागदावर उतरत नाहीत. तुमच्या ‘सेंट’ फोल्डरमध्ये मात्र ती दिसतात, कारण ती तुमची जावक नोंदवही. म्हणून ऑफिसचा एकच मेल आयडी चौघे वापरत असाल तर बीसीसी त्या चौघांपासून लपलेले नाही, हे ध्यानात ठेवा.

व्हॉट्सॲप वापरणाऱ्यांना आणखी सोपे पडेल. सीसी म्हणजे ग्रुप : सगळे सगळ्यांना दिसतात, एक बोलला की सगळे ऐकतात. बीसीसी म्हणजे ब्रॉडकास्ट लिस्ट : मेसेज एकच, पण प्रत्येकाला वाटते आपल्यालाच आला, आणि उत्तर फक्त तुमच्याकडे येते.

२. कोणी कोणाला पाहावे, हे आधी ठरवा

पत्ता टाइप करण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. या मेलवर काम कोणी करायचे? आणि ज्यांना हा मेल जातो आहे, त्यांनी एकमेकांचे पत्ते पाहिले तर चालेल का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘टू’मध्ये. तिथे शक्यतो एकच नाव ठेवा. लिफ्ट बंद पडल्याचा मेल मी एकदा देखभाल करणाऱ्या कंपनीच्या पाच जणांना ‘टू’मध्ये पाठवला. प्रत्येकाला वाटले दुसरा बघेल, आणि तिसऱ्या दिवशीही लिफ्ट बंदच. पुढच्या वेळी ‘टू’मध्ये फक्त त्या भागाचा सुपरवायझर आणि सीसीत त्याचे साहेब. काम त्याच दिवशी झाले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘चालेल’ असेल, म्हणजे सगळे एकाच ऑफिसातले, एकाच कामावरचे, एकमेकांना ओळखणारे असतील, तर सीसी. बीसीसी वापरून तिथे उगाच संशय निर्माण करू नका. उत्तर ‘नाही’ किंवा ‘सांगता येत नाही’ असेल तर बीसीसी. डीलर, गिऱ्हाईक, पालक, क्लासचे विद्यार्थी, देणगीदार, दवाखान्याचे पेशंट यांच्याबाबत मी दुसरा विचारच करत नाही.

हे केवळ धंद्याच्या गुपितापुरते नाही. २० सप्टेंबर २०२१ रोजी ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने अफगाणिस्तानातून बाहेर पडायला पात्र असलेल्या लोकांना एक मेल पाठवला. त्यातले बरेच जण ब्रिटिश सैन्याबरोबर काम केलेले, तालिबानपासून लपून बसलेले. २४५ जणांचे पत्ते ‘टू’मध्ये गेले. दोघांनी ‘रिप्लाय ऑल’ केले आणि त्यातल्या एकाने आपण कुठे आहोत हेही लिहिले. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या माहिती आयुक्तांनी मंत्रालयाला साडेतीन लाख पौंडांचा दंड केला. आपले दरपत्रक आणि ती यादी यांची तुलना होत नाही, हे मला कळते. पण चूक तीच, बोट एका रकान्याने चुकते इतकीच. आपल्याकडेही २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आहे, आणि ज्यावरून माणूस ओळखता येतो तो ईमेल पत्ता वैयक्तिक डेटातच मोडतो. कोणी विश्वासाने दिलेला पत्ता आपण इतरांना वाटत सुटू नये, इतके तरी सांभाळायलाच हवे.

नोकरीसाठी अर्ज करणाऱ्यांना वेगळे सांगते. आपली मुले पुण्या-हैदराबादच्या वीस कंपन्यांना एकाच मेलने रेझ्युमे पाठवतात. सीसीत पाठवला तर प्रत्येक कंपनीला बाकीच्या एकोणीस दिसतात. बीसीसीत पाठवला तरी वाचणाऱ्याला ‘टू’मध्ये आपला पत्ता दिसत नाही, म्हणजे हा मेल घाऊक आहे हे त्याला लगेच कळते. इथे दोन्ही नकोत. वीस वेगळे मेल पाठवा, प्रत्येकात कंपनीचे नाव आणि त्या जागेचा उल्लेख करा. दोन तास जातील, पण ते वाया जाणार नाहीत.

३. यादी साफ करा

हे कंटाळवाणे काम आहे, पण टाळू नका. पत्त्यात मध्ये किंवा शेवटी मोकळी जागा राहिली आहे का, स्वल्पविराम आणि टिंब यांची अदलाबदल झाली आहे का, ‘जीमेल’च्या स्पेलिंगमधले एखादे अक्षर गळले आहे का, ते बघा. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर आकडे देवनागरीत पडतात आणि पत्ता चुकतो.

पत्ते एकमेकांपासून वेगळे करायला जीमेलमध्ये स्वल्पविराम चालतो. कॉम्प्युटरवरच्या आउटलुकमध्ये मूळ सेटिंगप्रमाणे अर्धविराम लागतो. एक्सेलमधला पूर्ण रकाना कॉपी करून चिकटवला तर जीमेल बहुतेक वेळा पत्ते स्वतःच वेगळे करतो, तरी मोजून घ्या.

त्याच लोकांना पुन्हा पुन्हा मेल जात असेल तर गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये एक लेबल करा, जसे ‘डीलर कर्नाटक’ किंवा ‘सोसायटी सभासद’. मग बीसीसीच्या रकान्यात लेबलचे नाव टाइप केले की पूर्ण यादी येते. माणूस बदलला, फ्लॅट विकला गेला, की लेबलही त्याच दिवशी बदला. गेलेल्या माणसाला सोसायटीचे हिशेब वर्षभर जात राहिलेले मी पाहिले आहेत.

४. मजकूर आधी, पत्ते शेवटी

नव्या मुलांना मी हीच सवय पहिल्यांदा लावते. विषय लिहा, मजकूर लिहा, फाइल जोडा, एकदा वाचा, आणि मगच पत्ते टाका. पत्ता नसेल तर मेल चुकून जाऊच शकत नाही.

बीसीसीत सगळी यादी टाकताना ‘टू’मध्ये स्वतःचा पत्ता ठेवा. ‘टू’ रिकामा ठेवूनही मेल जातो, पण मग वाचणाऱ्याला तिथे ‘अनडिस्क्लोज्ड रेसिपियंट्स’ असे काही दिसते आणि नको तो मेल समजून तो पुसूनही टाकतो. स्वतःचा पत्ता ठेवल्याचा आणखी एक फायदा म्हणजे तुम्हालाही प्रत मिळते आणि मेल समोरच्याला कसा दिसतो ते तपासता येते.

आणि मजकुराच्या पहिल्या ओळीतच स्पष्ट सांगा की मेल कोणाकोणाला आहे. मी असे लिहिते :

‘नमस्कार. हे पत्र आमच्या सर्व डीलरना एकत्र पाठवत आहोत. आपले ईमेल पत्ते खासगी राहावेत म्हणून ते बीसीसीमध्ये ठेवले आहेत. काही विचारायचे असल्यास याच मेलला उत्तर द्यावे, ते फक्त आमच्याकडे येईल.’

या चार वाक्यांनी लोकांचा विश्वास वाढतो, असा माझा अनुभव आहे. मात्र सगळ्यांना जाणाऱ्या मेलमध्ये एकट्याचे काही लिहू नका. सोसायटीच्या थकबाकीची यादी बीसीसीत पाठवली तरी कोणाकडे किती बाकी हे सगळ्यांनी वाचलेच. तसा मेल ज्याचा त्याला स्वतंत्र.

५. बीसीसीचा रकाना कुठे असतो

जीमेल, कॉम्प्युटरवर : ‘कंपोझ’ दाबून ‘टू’वर क्लिक केले की त्याच ओळीत उजवीकडे सीसी आणि बीसीसी दिसतात. विंडोजवर कंट्रोल-शिफ्ट-बी दाबले तरी बीसीसी उघडतो, कंट्रोल-शिफ्ट-सीने सीसी.

जीमेल, मोबाइलवर : ‘टू’च्या ओळीच्या टोकाला खाली वळलेला छोटा बाण असतो, तो दाबा.

आउटलुक, कॉम्प्युटरवर : नव्या मेलमध्ये ‘ऑप्शन्स’ टॅबवर जाऊन ‘बीसीसी’ निवडा.

मोबाइलवर बोट घसरून पत्ते सीसीत पडण्याचा धोका जास्त. दोन्ही रकाने अगदी खालीवर असतात आणि नावे सारखी दिसतात. पत्ते टाकल्यावर त्या ओळीच्या सुरुवातीचा ‘बी’ डोळ्यांनी बघा आणि तोंडाने म्हणा. माझी ही सवय अजून सुटलेली नाही.

६. सुचवलेले नाव डोळे झाकून घेऊ नका

दोन अक्षरे टाइप केली की मेल स्वतःच नावे सुचवतो. आपल्या सोलापुरात एका ऑफिसच्या यादीत तीन श्रीनिवास, दोन सिद्धाराम आणि दोन नागनाथ सहज निघतात. पगाराचा तक्ता अकाउंटंट श्रीनिवासऐवजी सूत पुरवणाऱ्या श्रीनिवासला गेला, तर बीसीसी काय करणार? कॉन्टॅक्टमध्ये नाव जतन करतानाच पुढे ओळख जोडा : ‘श्रीनिवास अकाउंट्स’, ‘श्रीनिवास सूत’. आणि सुचवलेल्या नावाखालचा पूर्ण पत्ता वाचल्याशिवाय एंटर दाबू नका.

७. साहेबांना बीसीसीत ठेवण्याआधी थांबा

हा सापळा सगळ्यात वाईट, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

समजा, माल उशिरा पाठवणाऱ्या पुरवठादाराला तुम्ही कडक मेल लिहिला. ‘टू’मध्ये पुरवठादार, आणि साहेबांना कळावे म्हणून ते बीसीसीत. साहेबांनी तो मोबाइलवर वाचला आणि घाईत ‘रिप्लाय ऑल’ दाबून लिहिले, ‘बरे केले, पुढचे पेमेंट तूर्त अडवून ठेवा.’ रिप्लाय ऑल दाबल्यावर उत्तर ‘टू’ आणि सीसीतल्या सगळ्यांना जाते. म्हणजे ते तुमच्याबरोबर पुरवठादारालाही गेले. साहेब लपून वाचत होते हेही त्याला कळले आणि पेमेंटचेही कळले. अशा प्रसंगानंतर संबंध पूर्ववत व्हायला फार वेळ लागतो, कारण समोरच्याला वाटते की याआधीचा प्रत्येक मेलही कोणीतरी चोरून वाचत होते.

सोपा उपाय असा. मेल पुरवठादाराला पाठवा. मग ‘सेंट’मध्ये जाऊन तोच मेल साहेबांना ‘फॉरवर्ड’ करा. आता त्यांनी कोणतेही बटन दाबले तरी उत्तर फक्त तुमच्याकडे येईल. किंवा त्यांना उघडपणे सीसीत ठेवा. माझे मत विचाराल तर उघड ठेवणेच बरे. पत्ते सांभाळण्यासाठी बीसीसी जरूर वापरा, एखाद्याच्या पाठीमागे कोणाला कान लावून बसवायला वापरू नका.

तुम्ही स्वतः बीसीसीत असाल तर? मेल उघडून पाठवणाऱ्याच्या नावाखालचा छोटा बाण दाबला की जीमेल ‘बीसीसी’पुढे तुमचे नाव दाखवतो. ‘टू’ आणि सीसी दोन्हीकडे आपला पत्ता दिसला नाही, की समजा आपण बीसीसीत आहोत, आणि रिप्लाय ऑलला हात लावू नका.

उलट बाजूही लक्षात असू द्या. बीसीसीतल्या माणसाला पहिला मेल मिळतो, पुढची उत्तरे मिळत नाहीत. ज्याला पूर्ण चर्चा हवी, त्याला बीसीसीत ठेवून उपयोग नाही. हाच गुण कधी कामाला येतो. कोणी आपली ओळख दुसऱ्याशी करून दिली, की उत्तरात ओळख करून देणाऱ्याला बीसीसीत हलवा आणि पहिल्या ओळीत लिहा, ‘आपले आभार, आपल्याला बीसीसीमध्ये घेत आहे.’ पुढच्या पंधरा मेलचा त्रास त्यांना होत नाही.

८. फॉरवर्ड करताना जुने पत्ते पुसा

मेल पुढे पाठवला की मजकुराच्या वर आधीच्या मेलचे पाठवणारे, ‘टू’ आणि सीसी सगळे तसेच चिकटून जातात. तुम्ही कितीही काळजीने बीसीसी वापरा, खाली जुनी यादी राहिली तर कष्ट फुकट. तो भाग निवडून पुसून टाका. वर्ग, भिशी, सहल यांचे मेल असेच हातोहात फिरतात आणि पत्ते कुठल्या कुठे जातात.

९. मर्यादा माहीत असू द्या

मोफत जीमेलवरून एका मेलमध्ये ५०० पेक्षा जास्त लोकांना पाठवता येत नाही, आणि दिवसाला ५०० हून जास्त मेलही जात नाहीत. मर्यादा ओलांडली तर पाठवणे बंद होते आणि १ ते २४ तासांत पुन्हा सुरू होते. गड्ड्याच्या यात्रेच्या आधी ऑफरचा मेल शेवटच्या दिवशी पाठवायला जाल आणि अडकाल, म्हणून यादी मोठी असेल तर ती दोन-तीन दिवसांत वाटून पाठवा.

जोडलेल्या फाइल मिळून २५ एमबीच्या वर गेल्या की जीमेल फाइलऐवजी ड्राइव्हची लिंक घालतो. चादरींचे फोटो असलेला कॅटलॉग हमखास एवढा मोठा होतो. तेव्हा लिंकची परवानगी ‘एनीवन विथ द लिंक’ आहे ना, ते तपासा, नाहीतर दिवसभर ‘ॲक्सेस द्या’ अशा विनंत्या येत राहतील. आणि खासगी कागदाला ही परवानगी कधीच देऊ नका.

१०. पाठवण्याआधी, पाठवल्यावर

जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘सी ऑल सेटिंग्ज’, मग ‘जनरल’, तिथे ‘अनडू सेंड’. मूळचे ५ सेकंद असतात, ते ३० करा आणि पानाच्या तळाशी ‘सेव्ह चेंजेस’ दाबा. चूक बहुधा पाठवल्यावर लगेचच दिसते, तेव्हा हे ३० सेकंद फार मोलाचे असतात. ते संपल्यावर जीमेलमधून गेलेला मेल परत येत नाही. आउटलुकमधली ‘रिकॉल’ची सोय आपल्याच संस्थेतल्या लोकांपुरती चालते, बाहेरच्या जीमेलवर गेलेला मेल तिने परत येत नाही.

पाठवल्यावर पाच मिनिटांनी इनबॉक्स बघा. मेल पोहोचला नाही तर ‘मेलर डेमन’ या नावाने आपोआप एक मेल येतो, त्यात कोणता पत्ता चुकला ते लिहिलेले असते. यादीत तो लगेच दुरुस्त करा आणि फक्त त्या माणसाला पुन्हा पाठवा, सगळ्यांना नको.

तरीही पत्ते उघडे पडलेच, तर गप्प बसू नका. त्याच यादीला, या वेळी बीसीसीत, अर्ध्या तासाच्या आत दुसरा मेल पाठवा : ‘मघाच्या मेलमध्ये आमच्या चुकीने सर्वांचे पत्ते दिसले. क्षमस्व. कृपया तो मेल पुसून टाकावा आणि त्याला रिप्लाय ऑल करू नये.’ मग आपल्या वरिष्ठांना स्वतःहून सांगा. ज्यांना त्रास होण्यासारखा आहे त्यांना मेलवर न ठेवता फोन करा. त्या दिवशी ४३ पैकी ११ डीलरना मी स्वतः फोन केला होता. दोघे रागावले, बाकीच्यांनी ऐकून घेतले, आणि त्यांतल्या एका वयस्क डीलरनी मला विचारले, ‘बाई, पुढच्या वेळी बीसीसीत टाकाल ना?’ तो शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकला.